रशीदभाईचा लाल समिंदर

त्या रविवारी सकाळी नंदुरबार स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर अकरा माणसं जमली होती, आणि बारावा मी. सुरतेच्या गाडीने आलेले नवराबायको होते, शहाद्याचे दोन शिक्षक होते, कॉलेजात शिकणारी चार मुलं, तळोद्याहून मोटारसायकलवर आलेले काका-पुतणे आणि गळ्यात भला मोठा कॅमेरा अडकवलेली एक मुलगी. सगळे रशीदभाईची वाट बघत होते. हा माणूस उशिरा येणाऱ्यांपैकी नव्हता. उलट लोक यायच्या आधीच तो टपरीपाशी उभा असायचा, काखेत गोणपाटात गुंडाळलेला पत्र्याचा महाल आणि डोक्यावर पांढरी टोपी. सात वाजून गेले. मी दुसरा चहा सांगितला आणि तेवढ्यात फोन वाजला. त्याची मुलगी शाहीन बोलत होती. "चाचा, अब्बा नहीं रहे..." पहाटेच्या नमाजासाठी उठला, वजूसाठी हातपाय धुवायला मोरीकडे गेला, दम लागला म्हणून ओट्यावर टेकला, तो तिथेच गेला. फोन ठेवल्यावर त्या अकरा जणांना कसं सांगावं ते मला कळेना. मी नुसतं म्हणालो, आज फेरी नाही, रशीदभाई वारला. वाटलं, लोक हळहळतील आणि परतीच्या गाड्या धरतील. पण सुरतेचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही त्यांच्याबरोबर चालायला आलो होतो ना. मग चालतो." अकराही जण माझ्यामागून पायी त्याच्या गल्लीत आले. दुपारी जनाजा निघाला तेव्हा त्यातले पुरुष कब्रस्तानापर्यंत आले आणि त्या दोघी बायका रशीदभाईच्या बायकोजवळ, जुबेदाभाभीजवळ बसून राहिल्या. त्यांच्यापैकी एकानेही रशीदभाईला जिवंत पाहिलेलं नव्हतं.

रशीदभाई पत्र्याचा कारागीर. पेट्या, कोठ्या, बादल्या, पाणी तापवायचे बंब, हे त्याच्या घरात तीन पिढ्यांचं काम. मी फोटोग्राफर. माझं आयुष्य लोकांना 'हनुवटी जराशी खाली' असं सांगण्यात गेलं आणि वर लग्नाचं व्हिडिओ शूटिंग. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमची ओळख झाली ती माझ्या स्टुडिओचा पत्रा गळायला लागला म्हणून. तो वर चढला, पत्रा ठोकला, खाली उतरला आणि माझ्या पडद्यावर रंगवलेले डोंगर, तळं, हंस वगैरे बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "वसंता, हाऊ डोंगर खोटा शे. पन आपला गावमा खरा डोंगर-समिंदर शे, त्याना फोटो काढस का तू?" मला वाटलं, उन्हात पत्र्यावर बसून याचं डोकं तापलं. नंदुरबारला समुद्र! तापी आहे प्रकाशा गावाला, तीसुद्धा वीस कोस दूर असल्यासारखी वाटते उन्हाळ्यात. तो हसला आणि मला सायकलवर डबल सीट बसवून गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर घेऊन गेला.

पथारी म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती घेतात आणि वाळवण्यासाठी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरतात. एकरच्या एकर. मी जन्मापासून ते बघत आलो होतो, म्हणजे खरं तर बघत नव्हतो, नाकाला रुमाल लावून बाजूने जात होतो. रशीदभाईने मला बांधावर पालथं झोपायला लावलं. हनुवटी जमिनीला. "आते दख." आणि मी बघितलं. लाल, आणखी लाल, पार आभाळाला टेकेपर्यंत लाल. पलीकडची माणसं कमरेपर्यंत त्यात बुडालेली. वाऱ्याने वरवरची मिरची सळसळली की लाट आल्यासारखी वाटायची. मी पालथा पडून ठसका लागेस्तोवर बघत राहिलो. माझा धंदा बघण्याचा, आणि मला बघायला शिकवलं पत्रा ठोकणाऱ्याने. ही गोष्ट मला त्या दिवशी लागली, पुढे तिचं कौतुक वाटायला लागलं, आणि आता तर ती आठवली की मी हातातलं काम सोडून बसतो.

त्यातून सिनेमा निघाला. 'लाल समिंदर'. अहिराणीतला, पावणेदोन तासांचा, माझ्या खांद्यावरच्या लग्नाच्या कॅमेऱ्यावर काढलेला. गोष्ट त्याचीच. एक राक्षस अख्ख्या राज्याचा पत्रा करून टाकतो, झाडं पत्र्याची, पक्षी पत्र्याचे, भाकरसुद्धा पत्र्याची. पत्र्याचंच का, तर आमच्याकडे तोच होता. राज्य पुन्हा जिवंत करायचं तर राणीने लाल समुद्र ओलांडायला हवा. बस, एवढीच गोष्ट. राणी मिळेना. कुणाच्या घरचे तयार होईनात. शेवटी पथारीवर मिरचीचे देठ मोडणाऱ्या बायकांतल्या सुमनबाईने तोंडावरचा फडका सोडला आणि म्हणाली, "मी होस राणी. पन मुकुट जड नको करू, मन्ही मान दुखस." रशीदभाईने तिच्यासाठी तेलाच्या डब्याचा मुकुट केला, इतका हलका की वारा आला की तो डोक्यावर हलायचा आणि सुमनबाई राणीच्या थाटात हात वर करून तो धरायची. पुढे लोक तिच्या त्या हात वर करण्यालाच टाळ्या द्यायचे.

दोन हिवाळे आम्ही शूटिंग केलं. मारवाडी कापडदुकानदार शेठनी त्यांचं भिंतभर आरसे लावलेलं दुकान सुट्टीच्या दिवशी शीशमहाल म्हणून दिलं, अट एकच, चामडं आत यायला नको. त्यामुळे आमचा राक्षस बूट बाहेर काढून अनवाणी आत गेला आणि सगळ्या आरशांत त्याचे ते गोरे, नाजूक पाय दिसतात. राक्षसाचा डोंगर मात्र खरा, त्यासाठी आम्ही जीपने सातपुड्यात मोलगीपर्यंत गेलो होतो. आणि या सगळ्यात महाल यायचा. रशीदभाईने दीड हात लांबीचा पत्र्याचा महाल केला होता, सात मजली, खिडक्या कापलेल्या. तो कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ धरायचा आणि मागे लांबवर पाण्याची टाकी. भिंगातून बघितलं की टाकीवर महाल उभा! पहिल्यांदा तो बसला तेव्हा मी ओरडलोच. लग्नात वधूवरांना चंद्रावर बसवण्याचे उद्योग मी मशीनवर करत होतो, पण हे मशीन नव्हतं, नुसता एक पत्रा आणि एक डोळा.

आता जे लिहायचं आहे ते इतकी वर्षं मी कुठे बोललो नव्हतो. लाल समुद्राचा प्रसंग आम्ही शेवटी ठेवला होता. पथारीच्या मालकाने एकच दिवस दिला, दुसऱ्या दिवशी माल भरायचा होता. रशीदभाईने मिरचीखाली ताडपत्र्या अंथरायला लावल्या, दोन्ही टोकांना तीस-तीस बायका ताडपत्री धरून बसल्या आणि तो हात हलवील तशा त्या झुलवू लागल्या. मिरचीचा समुद्र उठला, पडला, पुन्हा उठला. त्यातून पत्र्याची नाव, नावेत सुमनबाई. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकं गळत होती, शिंका दाबून बायका लाटा करत होत्या. मी एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. त्या जुन्या कॅमेऱ्याचा आतला पडदा काळा-पांढरा असायचा, हे लक्षात घ्या. म्हणजे मला तो समुद्र करडा दिसत होता. लाल मी नंतर टीव्हीवर बघणार होतो. नाव पलीकडे लागली, त्यानंतरही मी कॅमेरा बंद केला नाही, कारण रशीदभाई 'कट' म्हणाला नाही. कॅसेट संपेपर्यंत चालू होतं. संध्याकाळी सुमनबाईने ती कॅसेट मागून घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले.  आपल्या हातून काहीतरी मोठं होऊन गेलंय असं प्रत्येकाला वाटत होतं.

आणि माझ्या स्टुडिओत रीत अशी होती की दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करताना नव्या, कोऱ्या कॅसेटींनाही हळदकुंकू लावून ठेवायचं. कुंकू असलेली कॅसेट म्हणजे कोरी. माझ्या हाताला ती इतकी सवय की मी वर लिहिलेलं वाचायचोही नाही, आणि या कॅसेटीवर तर काही लिहिलेलंच नव्हतं. आठवड्याने एक लग्न होतं, दुपारचं. मी फळीवरून कुंकवाची कॅसेट उचलली, कॅमेऱ्यात घातली आणि नवरदेव घोड्यावरून उतरल्यापासून ते पंगतीपर्यंत सगळं घेतलं. मांडवात अंधारतं म्हणून हॅलोजन धरायला माझ्याबरोबर कोण होतं? रशीदभाईच. लग्नाच्या गडबडीत तो नेहमी मदतीला यायचा. तीन दिवसांनी मी समुद्राची कॅसेट शोधायला लागलो तेव्हा मला उमजलं. मी स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं आणि लग्नाची ती कॅसेट शेवटपर्यंत चालवून बघितली. पंगत, पंगत, पानसुपारी आणि तिथेच कॅसेट संपली. समुद्राचं एक चित्र उरलं नव्हतं. त्या वर्षीची मिरची गेली होती, बायका आपापल्या गावी पांगल्या होत्या, मालक पुन्हा पथारी द्यायला तयार नव्हता.

मी कबूल करायला हवं होतं. केलं नाही. का, तर भित्रेपणा, हे एकच उत्तर खरं आहे. मी त्याच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "रशीदभाई, ती शेवटनी कॅसेट सापडी नही ऱ्हायनी." तो बादलीची कडी बसवत होता. त्याने वर बघितलं नाही. हातोडी मात्र थांबली. मग म्हणाला, "उंदरं खाई गयात व्हतीन. जाऊ दे." आणि पुन्हा ठोकायला लागला. मी सुटलो असं मला वाटलं. इतकं हलकं वाटलं की त्याची मला आजही लाज वाटते.

सिनेमा दाखवायचा दिवस त्याने तरीही ठरवला. एका मंगल कार्यालयाचा हॉल, दोन मोठे टीव्ही, दोन-अडीचशे माणसं, सकाळची वेळ. पथारीवरच्या जेवढ्या बायका येऊ शकल्या तेवढ्या पहिल्या रांगेत. लोकांना सिनेमा आवडला, अगदी डोक्यावर घेतला. राणी लाल समुद्राच्या काठाशी येते, डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघते... आणि टीव्हीवर मुंग्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.  रशीदभाई उठला, टीव्ही बंद केला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "चाला, चपला घाला. बाकीना सिनेमा बाहेर शे." क्षणभर कुणाला कळलं नाही. तो दारातून बाहेर पडलासुद्धा. मग त्या बायका उठल्या, त्यांच्यामागे सगळा हॉल. अडीचशे माणसं त्याच्यामागून पथारीकडे निघाली, रस्त्यातली आणखी पन्नास त्यात मिसळली. मिरची उचललेल्या रिकाम्या पथारीच्या बांधावर त्याने सगळ्यांना वाकून बघायला लावलं आणि हातांनी लाटा करत, स्वतःच राणी, स्वतःच नाव, स्वतःच समुद्र होऊन तो प्रसंग उभा केला. मी मागे उभा होतो. माझ्या शेजारी एक म्हातारे हमाल होते, ते सारखे "ओ हो हो" करत होते. सिनेमागृहात लोक टाळ्या वाजवतात, तिथे कुणी वाजवल्या नाहीत. सगळे पथारीकडे बघत उभे राहिले, बराच वेळ, आणि मग आपापल्या घरी गेले.

रशीदभाईची फेरी ती अशी सुरू झाली. पहिली काही वर्षं गावातलेच लोक यायचे, पाहुण्यांना घेऊन. मग मोबाईल आले, कुणी चित्रफीत काढून इंटरनेटवर टाकली, आणि सुरत, जळगाव, धुळे, नाशिक, कुठून कुठून माणसं येऊ लागली. रविवारी सकाळी स्टेशनपासून सुरुवात. रेल्वेचा दादरा, रुळांवरून जाणारा पायी पूल, म्हणजे स्वर्गाचा जिना. त्यावर उभं राहून हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तो राक्षसाचा डोंगर. "तठे पायी नही जावानं," तो म्हणायचा, "तठे नजर धाडा." मग पत्रेवाल्यांची गल्ली, दोन्ही बाजूंना रचलेल्या पेट्यांच्या भिंती, ती पत्र्याची राजधानी. कारागीर हातोड्या थांबवायचे नाहीत, उलट फेरी आली की जोरात ठोकायचे. मग कापडाचं दुकान. जुने शेठ गेले, त्यांचा मुलगा आता रविवारी मुद्दाम अर्धा तास शटर उघडतो, चपला बाहेरच काढायला लावतो. आणि मग पाण्याची टाकी. तिथे रशीदभाई गोणपाट सोडायचा, महाल हाताच्या अंतरावर धरायचा आणि एकेकाला पुढे बोलवायचा. "एक डोया बंद करा. आते दखा." माणसं जवळ यायची ती गंमत म्हणून, आणि डोळा मिटला की त्यांचा चेहरा बदलायचा. मी हजारो चेहरे कॅमेऱ्यातून बघितले, नवऱ्यांचे, नवऱ्यांच्या आयांचे, नेत्यांचे. पण आपल्या ओळखीच्या टाकीवर सात मजली महाल दिसला की माणसाचा चेहरा जसा होतो तसा मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. एक कलेक्टर कचेरीतले साहेब होते, गंभीर माणूस. त्यांनी बघितलं, बाजूला झाले, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मी दर रविवारी त्याच्याबरोबर असायचो. फोटो काढायला म्हणून, पण खरं तर मला राहवायचं नाही. शेवटी पथारी यायची आणि तिथे कुणी ना कुणी विचारायचंच, "त्या कॅसेटचं झालं काय?" रशीदभाईकडे उत्तर तयार असायचं. कधी उंदरं. कधी तापीला पूर आला, त्यात गेली. कधी म्हणायचा, राक्षसाने चोरली, त्याला त्याचे पाय दिसायला नको होते. दर वेळी नवीन. लोक पोट धरून हसायचे, मागे उभ्या असलेल्या पथारीवरच्या बायका तर फडका तोंडाला लावून जास्तच हसायच्या. मी बूट बघत उभा असायचो. प्रत्येक रविवारी मी ठरवायचो, आज सांगायचं, परतताना, चहाला बसल्यावर... आणि चहा संपायचा. एकोणीस वर्षं असे रविवार. आणखी एक गोष्ट. प्रसंगाचा शेवट तो दर वेळी वेगळा सांगायचा. कधी राणी पलीकडे पोचताच राज्य जिवंत व्हायचं, कधी राक्षस रडायचा, कधी राणीच पत्र्याची व्हायची. पण त्या दिवशी प्रत्यक्ष जे घडलं होतं, जे मी कॅमेऱ्यातून बघितलं होतं, ते त्याने एकदाही सांगितलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी विसरला असेल. मला बरंच वाटायचं त्याचं.

तो गेल्यावर मला वाटलं, फेरी संपली. त्याचा चाळिसावा दिवस झाला, त्याच्या पुढच्या रविवारी सहज पाय वळले म्हणून मी टपरीवर गेलो, तर तिथे पंधरा-वीस माणसं. कॅमेरेवाली ती मुलगी परत आली होती. सुमनबाई आली होती, पथारीवरच्या आणखी चौघी. आणि शाहीन, काखेत गोणपाट घेऊन. ती उर्दू शाळेत शिकवते, बापाच्या फेरीला आजवर कधी आली नव्हती, लाजायची. तिने महाल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चाचा, आप आगे चलो." मला बोलता येत नाही, चार लोकांत तर नाहीच. पण चाललो. दादऱ्यावर नजर धाडली, गल्लीत हातोड्या वाजल्या, दुकानात चपला काढल्या. टाकीपाशी महाल धरताना मला अंतर साधेना, तो टाकीवर बसेना, तेव्हा शाहीनने खालून माझं मनगट धरलं. आणि पथारी आली. कॅमेरेवाल्या मुलीने विचारलं, "काका, त्या कॅसेटचं नक्की काय झालं होतं?"

मी सांगितलं. कुंकू, दसरा, लग्न, पंगत, मुंग्या, सगळं. म्हणालो, ती कॅसेट मी पुसली, माझ्या हाताने, आणि तो जिवंत असताना त्याला सांगण्याची माझी छाती झाली नाही.   शाहीनकडे बघण्याची हिंमत होत नव्हती. मग सुमनबाई पुढे आली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत, पाठ वाकली आहे. म्हणाली, "वसंतभाऊ, हाई आम्हले पहिलेपाईन ठाऊक शे."

 ती सांगत होती. त्या लग्नात हॅलोजन धरलेल्या रशीदभाईने, पंगतीनंतर मी कॅमेऱ्यातून कॅसेट काढली तेव्हाच तिच्यावरची कुंकवाची बोटं ओळखली होती. माझा एकच टिपका असायचा, सुमनबाईने पाच बोटं ओढली होती. तो तसाच पथारीवर गेला, बायका पांगायच्या आधी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं. "आनि म्हने, वसंतासमोर कोन्ही तोंड उघडानं नही. तो मरी जाई शरमथीन." एखाद्या बाईने नवऱ्याला सांगितलं असेल, नवऱ्याने गल्लीत. पत्रेवाल्यांना ठाऊक होतं. शेठच्या मुलाला ठाऊक होतं. टपरीवाल्याला ठाऊक होतं, जो इतकी वर्षं मला दर रविवारी फुकटचा सल्ला देत आला. म्हणजे रशीदभाई उंदरं सांगायचा तेव्हा अख्खं गाव हसत होतं ते मला सांभाळत. एकोणीस वर्षं! आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत पोचतं, आणि ही एक गोष्ट एवढ्या माणसांनी माझ्यापासून लपवून ठेवली, एका माणसाने सांगितलं म्हणून. मी बांधावर खाली बसलो.  पालथा पडून मी लाल समुद्र बघितला होता तो याच्यापुढे काहीच नव्हता.

"आनि शेवट?" मी कसंबसं विचारलं. "खरा शेवट तो का बरं नही सांगे?"

सुमनबाई माझ्याकडे अशी बघायला लागली की हे तुला अजून कळलं नाही का. "तो म्हने, खरा शेवट वसंताना शे. डोया लाईसन त्यानीच दखेल शे. त्याले सांगाना व्हई तव्हय तो सांगी."

मग मी तो सांगितला. नाव पलीकडे लागली. राणी उतरली. तिने मुकुट काढला, बाजूला ठेवला, आणि कुणी काही न सांगता ती खाली बसली आणि सवयीने मिरचीचे देठ मोडायला लागली. तिच्या पाठोपाठ ताडपत्र्या सोडून त्या साठ बायका जिथे होत्या तिथे बसल्या आणि सगळ्या देठ मोडायला लागल्या, समुद्राच्या मधोमध. कॅमेऱ्यामागे रशीदभाई उभा होता, तो 'कट' म्हणाला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. कॅसेट संपेपर्यंत तेवढंच. मी सांगत होतो आणि मला जाणवलं की मला ते करडं दिसत नाहीये. सुमनबाई डोळे मिटून ऐकत होती. बाकीच्या चौघी माना हलवत होत्या, हो, असंच, असंच.

त्यानंतर फेरी दर रविवारी निघते. बोलायला मी अजून चाचरतो. पथारीवर कुणी कॅसेटचं विचारलं की आता मी खरं सांगणार असतो, लपवायचं काही उरलेलंच नाही. पण मला सांगू देत नाहीत. मी तोंड उघडलं की मागून कुणीतरी काहीतरी ठोकून देतं. सुमनबाईने एकदा सांगितलं, ती कॅसेट मी चुलीत घातली, भाकर होत नव्हती. शेठच्या मुलाने सांगितलं, ती चामड्याच्या पाकिटात होती म्हणून आमच्या बाबांनी बाहेर ठेवली. गेल्या रविवारी भुसावळचे एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांनी विचारलं, ती कॅसेट आहे कुठे आता? मी घसा खाकरला. माझ्या शेजारून शाहीन म्हणाली, "अब्बा साथ ले गये, सर. उधर भी तो कुछ देखने को चाहिये ना." या वेळी कुणी हसलं नाही. मग आधी तीच हसली, आणि नंतर आम्ही सगळे.